पाच वाजून चाळीस मिनिटं

रिसोड
१२ जानेवारी २०२५

चि. हरीओम,

पाकीट पाहून तुला नवल वाटलं असेल. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवर नावं टाकली, त्यानंतर मी घरच्या कोणाला टपालाने काही पाठवलं नाही. पण फोनवर हे बोलायचं नाही. ऑफिसचा फोन टेबलावरच असतो, आणि माझं व्हॉट्सॲप तूच ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडून दिलंस. त्या कॉम्प्युटरसमोर दिवसभर आमचा कारकून देवानंद बसतो. लिहायचं आहे ते त्याच्याबद्दलच. तूही उत्तर टपालानेच पाठव, आणि घरच्या पत्त्यावर.

आमच्या वसतिगृहात यंदा बेचाळीस मुली आहेत, सगळ्यांचे मायबाप ऊसतोडीला गेलेले. त्यातली रुचिका दहावीला आहे. तिची आई सुंदरबाई १४ नोव्हेंबरला दुपारी ऑफिसात आली. ट्रक बाहेर उभा होता, सामान भरलेलं. तिने चिठ्ठीवर एक नंबर लिहून आणला होता.

"मॅडम, हा माहा नवा नंबर. इच्या काकाचा नंबर काढून टाका. तो पोरीचं लग्न जुळवून राह्यला. मी नाही म्हनलं तं आता मी गेल्याची वाट पाहून राह्यला. त्याले पोरीचं काई कळू देऊ नका."

मी तिच्यासमोर देवानंदला नंबर बदलायला सांगितलं. त्याने तो बदलला, मी स्क्रीनवर पाहिला, सुंदरबाईनेही पाहिला. ती समाधानाने ट्रकात बसली.

सहा तारखेला मी मीटिंगला वाशीमला गेले होते. रुचिकाला ताप भरला. देवानंदने कॉम्प्युटरवर पाहून घरी फोन लावला, आणि तो लागला काकाला, रतनसिंगला. दीड तासात तो जीप घेऊन हजर. देवानंदने पोरगी त्याच्या हवाली केली. मला साधा फोनसुद्धा केला नाही.

तीन दिवस, हरीओम. तिसऱ्या दिवशी पाहुणे येऊन तिला पाहूनही गेले. पोरगी हुशार. आईचा नंबर तिला तोंडपाठ होता, शेजारच्या बाईचा मोबाइल मागून तिने आईला फोन केला. सुंदरबाई सांगलीकडून तीन गाड्या बदलून आली, दिराच्या घरातून पोरगी काढली आणि थेट माझ्या दारात उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तुमाले सांगून गेलती."

मी कॉम्प्युटर उघडून पाहिला. तिथे रतनसिंगचाच नंबर. नवा नंबर कुठेच नाही.

आता तू सांग, तो कोणी बदलला? देवानंद आणि रतनसिंग एका वर्गात शिकलेले. बसस्टँडच्या हॉटेलात दोघांना चहा पिताना मी स्वतः पाहिलं आहे. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये सगळी पत्तावही टाकली आहे. देवानंद सुट्टीवर होता त्या दिवशी काढून घेतली.

तुझी
वर्षाताई


पुणे
१९ जानेवारी २०२५

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पोरगी परत आली ती ओळ आधी शोधली, मग बाकीचं वाचलं.

आधी थोडं समजून घे, म्हणजे पुढचं पटेल. तुमच्याकडे मी तीन प्रोग्रॅम दिले आहेत: एक मुलींच्या नोंदींचा, एक पालकांना मेसेज पाठवायचा आणि एक पाकिटांवर चिकटवायची लेबलं छापायचा. तिघांच्या तीन वेगळ्या पत्तावह्या नाहीत, वही एकच आहे. ती सांभाळणारा भाग मी लिहिलेला नाही. तो आयता मिळतो, त्याला आमच्याकडे लायब्ररी म्हणतात. जगभरचे लोक वापरतात, पारखून घेतलेली वस्तू आहे. प्रोग्रॅम कोणताही असो, पत्ता हवा असेल तर तो लायब्ररीला मागतो आणि बदलायचा असेल तर लायब्ररीला सांगतो. म्हणून नंबर एका ठिकाणी बदलला की तिन्हीकडे बदलतो. मीच तुला हे कौतुकाने सांगितलं होतं, आठवतं?

आता वहीत काय सापडलं ते. वही प्रत्येक वेळी कधी आणि कोणी लिहिली याची नोंद राहते. १४ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजून पंधरा मिनिटांनी एकदा वही लिहिली गेली. तो तुझ्यासमोरचा बदल. त्यानंतर त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी पुन्हा लिहिली गेली, आणि तेव्हापासून रतनसिंगचा नंबर आहे. दोन्ही वेळा नाव एकच: देवानंद.

मी त्याला फार ओळखत नाही. प्रोग्रॅम बसवायला आलो तेव्हा दोन दिवस पाहिला, गप्प राहणारा वाटला. पण ताई, कॉम्प्युटरला कोणाची भीड नसते. त्याने जे पाहिलं ते लिहिलं.

तुझा
हरीओम


रिसोड
२५ जानेवारी २०२५

चि. हरीओम,

तुझं पत्र हातात पडलं आणि मी त्याच दिवशी देवानंदला समोर बसवलं.

"चौदा नोव्हेंबरला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला तू काय करत होतास?"

"मॅडम, दोन महिने होऊन गेले. मले काय आठवते?"

"रतनसिंगचा नंबर परत काहून टाकला?"

"म्या नाही टाकला."

"मग कोणी टाकला? कॉम्प्युटरवर तुझं नाव आहे."

"नाव तं माहंच राह्यते मॅडम. त्याच्यावर दुसरं नावच नाही."

हे उत्तर ऐकून माझा पारा चढला. उर्मटपणा नाही तर काय! त्यानंतर मी सुंदरबाईसारख्या सगळ्या पालकांच्या चिठ्ठ्या काढल्या. आईबाप निघताना जे नंबर देऊन जातात त्या चिठ्ठ्या मी फाइलला लावून ठेवते. एकेक चिठ्ठी कॉम्प्युटरशी ताडून पाहिली. बेचाळीसपैकी सात मुलींचे नंबर जुनेच आहेत. सात! आधी मला कळेना, त्याला बाकीच्या सहांशी काय करायचं होतं. मग लक्षात आलं. एकच बदलला असता तर लगेच बोट त्याच्याकडे गेलं असतं. सात बदलले की गोंधळ वाटतो.

तरी खात्री करावी म्हणून मी एक युक्ती केली. माझ्या सासूबाईंच्या, प्रयागबाईंच्या नावाची एक खोटी नोंद आधीच वहीत घालून ठेवली होती. २२ तारखेला बारा वाजता देवानंदच्या देखत तिचा नंबर बदलला आणि मोठ्याने म्हणाले, "हा आता बरोबर झाला." दोन तास बाहेर जाऊन आले, पाहिलं, नवा नंबर जागेवर. मग सकाळपासून उघड्या असलेल्या प्रोग्रॅममधून मी पालकसभेची लेबलं छापली, सगळं आवरून बंद केलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी तो दहाला आला, मी साडेदहाला. आल्या आल्या पाहिलं तर जुना नंबर! अर्ध्या तासात त्याने काम उरकलं होतं. मी माझ्या जागी जाऊन बसले. तो मान खाली घालून टाइप करत होता. एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

आता मी वह्या, चाव्या, कपाट सगळं स्वतःकडे ठेवते. तो खोलीत आला की माझं बोलणं थांबतं. त्यालाही ते कळतं. डबा आता तो बाहेर ओट्यावर बसून खातो.

दुसरा पेनड्राइव्ह पाठवते. एकदा नीट पाहून मला पक्कं लिही, म्हणजे मला वसतिगृहाच्या समितीसमोर जाता येईल. तुझे प्रोग्रॅम मात्र छान चालतात. लेबलांचा तो मधेच अडून "थांबा" म्हणायचा, ते तू काढून टाकलंस, फार सोय झाली.

तुझी
वर्षाताई


पुणे
४ फेब्रुवारी २०२५

ताई,

उशीर झाला. इकडे कामाची घाई होती.

पेनड्राइव्ह पाहिला. वेगळं असं काही नाही. नोंदी आधीच्यासारख्याच आहेत, नावही तेच. बाकी त्यात खोलात जाऊन फार काही मिळेल असं वाटत नाही.

कुरिअरने सोबत नवा पेनड्राइव्ह पाठवतो आहे. त्यात तिन्ही प्रोग्रॅमची सुधारलेली आवृत्ती आहे. जुनी काढून ही बसव. कागदावर पायऱ्या लिहून दिल्या आहेत, तू स्वतःच कर, सोपं आहे. सुरक्षिततेच्या काही लहानसहान गोष्टी केल्या आहेत. अशा सुधारणा अधूनमधून कराव्याच लागतात, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. लेबलांचा प्रोग्रॅम कधीकधी पुन्हा "थांबा" म्हणेल, तेव्हा थांब. जुने पेनड्राइव्ह पुसून टाकलेस तरी चालेल, नाहीतर जुन्या वह्यांचा उगाच घोळ होतो.

देवानंदचं तू ठरव. मी इतक्या लांबून काय सांगणार? ज्याच्या हातात सगळं असतं त्याच्यावर लक्ष ठेवावंच लागतं, एवढं खरं. समितीपुढे माझं पत्र नको ठेवूस. तोंडी सांग.

मुलींना परीक्षेसाठी शुभेच्छा कळव.

तुझा
हरीओम


रिसोड
१६ फेब्रुवारी २०२५

चि. हरीओम,

झालं एकदाचं. १० तारखेला समिती बसली. मी सातही चिठ्ठ्या मांडल्या, पाच-चाळीसची वेळ सांगितली, प्रयागबाईंच्या नावाची युक्ती सांगितली. कोणी फारसं विचारलं नाही. देवानंदला आत बोलावलं.

तो उभाच राहिला. म्हणाला, "पोरीले जाऊ देल्लं, ते माही चूक. तुमाले फोन लावाले पाह्यजे होता, तो नाही लावला. सख्खा काका हाये, तापाची पोरगी हाये, म्हनून देल्ली. त्याच्यासाठी काढत असान तं काढा. पन नंबर म्या बदलला नाही."

अध्यक्ष म्हणाले, "मग कॉम्प्युटर खोटा बोलते काय?"

देवानंदने खिशात हात घातला. ऑफिसच्या दाराच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. निघताना रुमालाने कीबोर्ड पुसला, कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि गेला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो शिरपूर जैनचा. तिकडे बातमी त्याच्या आधी पोचली. रुचिकाच्या तांड्यावर तर लोक उघड म्हणतात, यानं पोरगी काकाला नेऊन दिली. त्याची बायको निता तिथल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. दोन घरांनी आपली लेकरं तिथे पाठवणं बंद केलं असं ऐकते. त्याच्या बायकोला कशाला त्रास, असं मनात येतं, पण लोकांची तोंडं कशी धरायची?

एक मात्र झालं. तो गेल्यापासून एकही नंबर इकडचा तिकडे झालेला नाही. सातही पुन्हा बरोबर भरले, रोज पाहते, जागेवर आहेत. आणखी पुरावा काय हवा?

रुचिका बरी आहे. पण फोन वाजला की दारापर्यंत येऊन उभी राहते. कोणाचा आहे ते कळल्याशिवाय हलत नाही.

तुझी
वर्षाताई


रिसोड
२ मार्च २०२५

हरीओम,

माझ्या पत्राला पंधरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. मी एकदा फोनही केला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र.

देवानंदच्या जागी कोणी मिळेना, त्यामुळे हजेरीपुस्तक मीच लिहिते आहे. परवा जुनी पानं चाळताना नोव्हेंबर समोर आला. १४ तारखेपुढे देवानंदची सही: जाण्याची वेळ, पाच. मला वाटलं, मागाहून लिहिली असेल. मग आठवलं. त्याची शिरपूरची बस पाच-वीसची. ती चुकली की त्याला जीपने जावं लागतं, म्हणून तो एक मिनिट जास्त थांबत नाही. यावरून मीच त्याला कितीदा बोलले आहे. त्या दिवशीही तो घाईने गेला. चष्मा तो टेबलावरच विसरला आणि मी खिडकीतून हाक मारली, तोवर तो रस्त्याच्या पलीकडे पोचला होता. मला तो चष्मा आठवतो आहे, हरीओम. मी तो खणात ठेवला होता.

पाच-चाळीसला ऑफिसात कोण होतं? मी होते. एकटी. सकाळी उघडून ठेवलेल्या लेबलांच्या प्रोग्रॅममधून छापलेली लेबलं पाकिटांना चिकटवली, प्रोग्रॅम बंद केला आणि घरी गेले.

कॉम्प्युटर सुरू करताना नाव देवानंदचंच येतं. दोन नावं कशाला, एकच पुरे, असं तूच म्हणाला होतास. म्हणजे मी काही केलं तरी नाव त्याचंच. "त्याच्यावर दुसरं नावच नाही" असं तो म्हणाला होता, आणि मी त्याला उर्मट ठरवलं.

आता दुसरं. नंबर पलटी खाणं थांबलं ते देवानंद गेल्यावर, असं मी तुला लिहिलं. ते खोटं निघालं. तुझा नवा पेनड्राइव्ह मी ७ फेब्रुवारीला बसवला. सातही नंबर ७ आणि ८ तारखेला भरले आणि आठला लेबलंही छापली. देवानंद तेव्हा खोलीतच होता. सोमवारी दहाला तो गेला. त्या दिवसांत एकही नंबर हलला नाही. म्हणजे हे थांबलं ते माणूस बदलल्याने नाही, प्रोग्रॅम बदलल्याने.

त्या पेनड्राइव्हमध्ये तू काय घातलंस? "या प्रकरणाशी संबंध नाही" हे तू न विचारता काहून लिहिलंस? जुने पेनड्राइव्ह मी पुसावेत असं तुला काहून वाटलं? पुसलेले नाहीत. दोन्ही माझ्या कपाटात आहेत. इथे कॉम्प्युटर जाणणारं दुसरं माणूस शोधणं मला कठीण नाही, पण आधी तुला विचारते आहे. तू माझा भाऊ आहेस.

सरळ उत्तर दे.

वर्षा


पुणे
८ मार्च २०२५

ताई,

दुसऱ्या कोणाला दाखवायची गरज नाही. चूक माझी आहे. सगळं लिहितो.

लायब्ररीचा एक नियम आहे. वहीत काही लिहायचं तर प्रोग्रॅमने आधी तिच्याकडून परवानगीची चिठ्ठी मागायची. मधल्या काळात दुसऱ्या प्रोग्रॅमने वही बदलली असेल तर चिठ्ठी मिळत नाही. लायब्ररी सांगते, थांबा, वही पुन्हा वाचा, मग लिहा. तुला दिसायचं ते "थांबा" हेच. गेल्या वर्षी तू दोनतीनदा तक्रार केलीस की लेबलांचं काम अडतं. मला चार दिवस बसून ते नीट करता आलं असतं. मी अर्ध्या तासात पळवाट काढली. लेबलांच्या प्रोग्रॅममधून चिठ्ठी मागणंच काढून टाकलं आणि त्याला वहीत थेट लिहू दिलं. माझं मन म्हणत होतं, लेबलं छापणारा प्रोग्रॅम, तो काय बिघडवणार?

पण लेबलं छापून झाली की तो प्रत्येक नावापुढे छापल्याची तारीख टाकतो आणि अख्खी वही परत लिहून ठेवतो. कोणती वही? सकाळी उघडताना वाचलेली. दुपारी दुसऱ्या प्रोग्रॅममधून देवानंदने भरलेला नंबर त्याच्या त्या प्रतीत नसतोच. तू संध्याकाळी तो बंद केलास की सकाळची जुनी वही दुपारच्या नव्या वहीवर जाऊन बसली. १४ नोव्हेंबरला हेच झालं. ज्या सात मुलींचे नंबर गेले, त्यांच्या आया लेबलं छापायच्या दिवशीच येऊन गेल्या असणार. प्रयागबाईंच्या नावाचंही तसंच. तू त्या दिवशी लेबलं छापलीस, असं तूच लिहिलं होतंस.

लायब्ररीत दोष नाही. तिने सांगितलं होतं, मी तिचं तोंड बंद केलं.

आता जे लिहायला हात उठत नाही ते. हे मला २ फेब्रुवारीला कळलं. रविवार होता. तुझं "थांबा" असलेलं वाक्य वाचलं. तो भाग उघडून पाहिला, पाच मिनिटांत चूक दिसली. त्याच दिवशी दुरुस्त केली. मग दोन दिवस तुला काय लिहायचं याचा विचार केला आणि ४ तारखेला ते पत्र लिहिलं. मनाला समजावलं की तू त्याला फार तर समज देशील, नंबर परत पलटणार नाहीत, प्रकरण आपोआप मिटेल. इथे मी ज्या कंपनीत आहे तिथे नवा मोठा प्रोग्रॅम माझ्या हाती येणार आहे. मुलीबद्दलची ही गोष्ट माझ्या नावाने बाहेर आली तर, अशी भीती वाटली. तुझं १६ तारखेचं पत्र आलं, त्याला काढल्याचं वाचलं, आणि त्यानंतर मला पेनच धरवला नाही.

त्याने नंबर बदलला नव्हता. त्याच्या नावाने जे झालं ते माझ्यामुळे झालं. हे पत्र तू कोणालाही दाखव. समितीला दाखव, त्याला दाखव.

हरीओम


रिसोड
२० मार्च २०२५

हरीओम,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी समितीला दाखवलं. सुंदरबाईला फोन करून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग त्या बाबूले कोनी सांगतलं का नाही?" मी म्हटलं, मी स्वतः जाते.

१६ तारखेला रविवार होता. सकाळच्या बसने शिरपूरला गेले. देवानंद अंगणात हरभरा झोडत होता. मला पाहून थांबला, निताने खाट टाकली, पाणी दिलं. मी बसले नाही. तुझं पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. मधे माझंही सांगितलं: पाच-चाळीसला मी होते, तक्रार माझी होती, आणि विचारायच्या आधीच मी मनात निकाल देऊन टाकला होता.

तो राग काढेल असं मला वाटलं होतं. त्याने एकच गोष्ट विचारली.

"हरीओमभाऊले हे कवा समजलं?"

"दोन फेब्रुवारीला."

"आन मले काढलं दहाले."

"हो."

तो बोटांवर मोजत नव्हता, पण मोजत होता हे दिसत होतं. निता दारातून म्हणाली, "मॅडम, तुमी आमाले वाचून दाखवलं. लोकाईले कोन वाचून दाखवन?"

देवानंदने हात पुढे केला. "ते पत्र मले द्या."

मी क्षणभर थांबले. तुझं नाव, तुझी कंपनी, सगळं त्यात आहे. मी थांबले हे त्याने पाहिलं. त्याचा हात तसाच होता. मी दिलं.

त्याने ते उलटंसुलटं पाहिलं आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवलं. म्हणाला, "चाला मंग. तुमीच वाचा. माह्या तोंडून कोनी खरं धरनार नाही."

अंगणवाडीत लेकरं पाठवणं बंद केलेली दोन घरं आधी झाली. मग तिथून जीपने आम्ही तांड्यावर गेलो. तिथे चार घरं, आणि शेवटी रतनसिंगचं दार. प्रत्येक ठिकाणी मी उभी राहून वाचलं. २ फेब्रुवारी ही तारीख आली की तो हात वर करायचा. "मॅडम, ते तारीख एकडाव पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचायची. रतनसिंगने मधेच आत जायचं पाहिलं, तर देवानंद म्हणाला, "थांब, हे तुह्याच नंबराचं हाये," आणि त्याला शेवटपर्यंत ऐकायला लावलं. सातव्या दारापर्यंत माझा आवाज बसला होता.

कामावर परत ये म्हटलं तर म्हणाला, "पाहू. समितीनं बोलावलं तं इचार करीन. तुमच्यासमोर बसून डबा खाता आला पाह्यजे." 

रुचिकाची परीक्षा संपली. तिच्या नोंदीत सुंदरबाईचा नंबर आहे आणि दुसरा नंबर माझा आहे. रतनसिंगचा कुठेच नाही. रोज सकाळी मी चिठ्ठ्या आणि कॉम्प्युटर ताडून पाहते. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून असं समज. माझ्यावरही नाही.

परतीच्या जीपमध्ये बसण्यापूर्वी देवानंदने पत्र माझ्याकडून घेतलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. म्हणाला, "एक घर राह्यलं."

मी विचारलं, कोणाचं?

"निताच्या बापाचं. त्यानं पोरगी परत घिऊन जातो म्हनून निरोप धाडला होता. पन तिथं तुमी नाही वाचायचं." मग मला सांगितलं, निताचं माहेर आपल्याच गावचं, कामरगावचं आहे. आपल्या घरापासून चौथं घर. मला हे माहीत नव्हतं, तुलाही नसेल.

"हरीओमभाऊ पाडव्याले घरी येतेत. त्याईले सांगा, पत्र मी घिऊन येईन. वाचनार ते."

तो पाडव्याला सकाळी कामरगावात असेल. मीही येते आहे. तुझ्या आईला, काकूंना, मी काही सांगितलेलं नाही. ते तूच सांग.

वर्षाताई